लिन रोडचा पत्ता

माझ्याकडे एक लांबट वही आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार उधारी मांडतात तसली. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतली आणि लंडनला येताना औषधशास्त्राच्या पुस्तकांबरोबर बॅगेत टाकली. घरखर्च लिहायचा विचार होता. पण पहिल्या पानावर खर्च नाही. तिथं लिहिलंय : ‘शनिवार. ओल्ड स्पॉटेड डॉग. क्लॅप्टन. प्रेक्षक अंदाजे दोनशे. परांचीच्या नळ्यांचा स्टँड. गाणी जोरात.’ डावीकडच्या समासात १ हा आकडा. आज तो आकडा १४३ वर आलाय.

ते साल होतं २०१३. पूर्व लंडनमध्ये फॉरेस्ट गेटला मी भाड्याच्या खोलीत राहायचे आणि एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करायचे. शनिवारी ग्रीन स्ट्रीटला जाऊन कोथिंबीर, मेथी, शेंगदाणे आणायचे हे ठरलेलं. त्या दिवशी परतताना अप्टन लेनवर ढोल बडवल्याचा आणि शे-दीडशे माणसांनी एका सुरात ओरडल्याचा आवाज आला, आणि पाय थबकले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना ज्यानं लहानपणी ऐकलाय, त्याला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. ऐकलाय म्हणते, कारण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खांद्यावर घेतलं तरच मला दिसायचं. एरवी पुढच्या माणसांच्या पाठी आणि आरोळ्या.

बंद पडलेल्या एका जुन्या पबच्या कडेनं आत वाट गेली होती. दारात टेबल टाकून बसलेल्या माणसाला पैसे दिले, त्यानं हातात प्रोग्राम ठेवला. आत गेले आणि हातातल्या पिशव्यांसकट कठड्याला टेकले. घरांच्या मागच्या भिंती, झाडं, मधे हिरवी जमीन. एका अंगाला लोखंडी नळ्या जोडून वर पत्रा टाकलेला स्टँड. इमारतीला रंग काढताना बांधतात ती परांचीच जणू. सगळी गाणी त्याच्याखालून येत होती. कठडा आणि खेळ यांच्यात जेमतेम दोन पावलांचं अंतर. बॅकला गोलकीपरनं दिलेली शिवी ऐकू येते, घोट्यावर बसलेल्या बुटाचा आवाज ऐकू येतो, चिखलाचा वास येतो. टीव्हीवर इंग्लंडचं फुटबॉल वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण त्याला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे होते. थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांनी पुढे केला आणि विचारलं, हे तुझं कितवं? मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी कोटाच्या खिशातून छोटी वही काढली. त्यात १९६८ पासूनची मैदानं लिहिलेली होती, प्रत्येकापुढे तारीख, गोल, प्रेक्षक. त्यांचा नियम सांगितला : पूर्ण नव्वद मिनिटं पाहिल्याशिवाय मैदान वहीत चढत नाही. दारातून डोकावलं, अर्ध्यावर बस पकडली, हे चालायचं नाही. प्रोग्राम छापलेला नसेल तर ते मैदान धरायचं की नाही, यावर या मंडळींत जोरदार मतभेद आहेत. काही जण ०-० सुटलेला सामना मोजत नाहीत. मी मोजते. गोल झाला नाही म्हणून मैदानावर रेघांची फक्की मारणाऱ्याची सकाळ वाया गेली असं मला वाटत नाही.

या हौसेला तिकडे ग्राउंडहॉपिंग म्हणतात. आईला फोनवर मी ‘मैदानं हिंडते’ असं सांगितलं, आणि तेच नाव मला जास्त बरोबर वाटतं. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. ती सगळी मैदानं पाहणाऱ्यांचा ‘९२ क्लब’ १९७८ मध्ये निघाला. पण त्या ९२ च्या खाली एकावर एक रचलेल्या डझनभर पायऱ्या आहेत, त्यात शेकडो लीग, हजारो संघ. हे सगळं नॉन-लीग. त्याला तळ नाही म्हटलं तरी चालेल. काही लीग सुट्टीच्या दिवसांत या हिंडणाऱ्या लोकांसाठी सामन्यांच्या वेळा मुद्दाम पुढंमागं ठेवतात : एक सकाळी, एक दुपारी, एक दिव्यांच्या उजेडात. गावातल्या बायका केक करून आणतात, आणि एरवी चाळीस माणसं यायची तिथं त्या दिवशी तीनशे येतात. छोट्या क्लबाचं वर्षभराचं विजेचं बिल त्यातून निघतं.

एवढी मैदानं आली कुठून, हा प्रश्न मला पहिल्या वर्षापासून होता. उत्तर शनिवारात आहे. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांतलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं, आणि हळूहळू इतर धंद्यांतही अर्ध्या सुट्टीची चाल पडली. दोनला भोंगा झाला की घरी जाऊन घास खायचा आणि तीनला मैदानावर. तीनची वेळ तिथून आली आणि छोट्या मैदानांवर आजही ती तीनच आहे. आबा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते, पहिल्या पाळीचा भोंगा झाला की सायकल थेट स्टेडियमकडे वळवायचे, त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग ती आपलीच माणसं की गं.”

शेफील्डला मी रेल्वेनं गेले होते, फक्त सँडीगेटसाठी. हॅलम क्लबाचं मैदान. क्लब १८६० चा, आणि २६ डिसेंबर १८६० ला इथं हॅलम आणि शेफील्ड यांचा सामना झाला. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीजनं याचीच नोंद केली आहे. पाहुणा संघ शेफील्ड, तो १८५७ चा, क्लब म्हणून जगात सर्वांत जुना. त्या दिवशी गोल म्हणजे काय, हात कधी लावायचा, याचे नियमही शेफील्डचे स्वतःचे होते. लंडनची फुटबॉल असोसिएशन स्थापन व्हायला अजून तीन वर्षं होती. सँडीगेट सपाट नाही. उतार इतका की वरच्या कोपऱ्यात उभी राहिले तेव्हा खालच्या गोलपोस्टचा आडवा खांब माझ्या गुडघ्याच्या पातळीला आल्यासारखा वाटला. दीडशेहून जास्त वर्षं कोणी तो उतार भरून काढला नाही. पहिल्या हाफमध्ये चढावर खेळायचं आणि दम राखायचा, दुसऱ्यात उतारावर सुटायचं, ही अक्कल तिथल्या पोरांना बापाकडून मिळते.

पण माझा जीव लंडनच्या पूर्व भागात गुंतला, कारण तिथल्या मैदानांची एक साखळी आहे आणि तिचं एक टोक आपल्याकडे येतं.

क्लॅप्टनपासून सांगते. हा क्लब १८७८ चा, ओल्ड स्पॉटेड डॉगवर आला १८८८ मध्ये. १८९० च्या ईस्टरला हे लोक बेल्जियमला जाऊन अँटवर्पमध्ये खेळले. युरोपच्या मुख्य भूमीवर खेळणारा हा पहिला इंग्लिश क्लब. १९०८ मध्ये वॉल्टर टल नावाचा तरुण इथं आला. बाप बार्बाडोसचा, आईबाप लहानपणीच गेलेले, पोरगा बेथनल ग्रीनच्या अनाथाश्रमात वाढलेला. एका हंगामात त्याचा खेळ पाहून टॉटनमनं त्याला उचललं. पुढं तो ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला, कृष्णवर्णीय माणसाला ती जागा मिळणं जवळजवळ अशक्य असण्याच्या काळात, आणि मार्च १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. ज्या कठड्याला मी कोथिंबिरीच्या पिशव्या टेकवल्या, त्याच्या पलीकडच्या जमिनीवर तो धावला होता.

१९०५ मध्ये लंडनच्या सहा हौशी क्लबांनी इस्थमियन लीग काढली. त्यात क्लॅप्टन होता आणि इलफर्डही. पैसा घ्यायचा नाही हे तर ठरलेलंच, पण जिंकणाऱ्याला कप नाही आणि पदकही नाही. त्यांचं लॅटिन ब्रीद होतं, मान मिळाला, पुष्कळ झालं, अशा अर्थाचं. खेळणारे कारकून, शिक्षक, गोदीतले, छापखान्यातले. सोमवारी सगळे परत कामावर.

आपल्या वाचकांना ट्रेव्हर बेली हे नाव क्रिकेटमुळे माहीत असेल, इंग्लंडचा तो चिवट अष्टपैलू. तो हिवाळ्यात वॉल्थमस्टो अव्हेन्यूसाठी फुटबॉल खेळायचा. १९५२ मध्ये या क्लबानं वेम्बलीवर हौशी संघांचा एफ. ए. अमॅच्युअर कप जिंकला. विजेत्या संघात बेली होता आणि समोर एक लाख माणसं. पुढच्याच हंगामात वॉल्थमस्टोनं एफ. ए. कपात मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर १-१ असं रोखलं. हे सांगताना मी आवाज चढवते, कारण आज लंडनमधल्या पंचविशीच्या फुटबॉलवेड्यालाही हे ठाऊक नसतं.

आणि इलफर्ड. मी २०१५ मध्ये फॉरेस्ट गेट सोडून इलफर्डला राहायला आले, तेव्हा आबा म्हणाले, हे नाव मला माहितीय. पेठेतल्या फोटो स्टुडिओच्या काचेवर होतं ते : कृष्णधवल फिल्मच्या डबीवरचं. बरोबरच होतं. ती कंपनी १८७९ मध्ये याच गावात सुरू झाली आणि गावाचंच नाव तिनं घेतलं. मला मात्र इलफर्ड म्हटल्यावर ३१ जुलै १९४८ आठवतो.

शनिवारच होता तो. लंडन ऑलिम्पिकचे फुटबॉल सामने बऱ्याच मैदानांवर वाटून दिले होते, त्यात हौशी क्लबांची मैदानंही होती. डलिच हॅम्लेटच्या चॅम्पियन हिलवर दक्षिण कोरियानं मेक्सिकोला ५-३ असं हरवलं. वॉल्थमस्टोच्या ग्रीन पॉन्ड रोडवरही एक सामना झाला. आणि इलफर्ड क्लबाच्या लिन रोडवरच्या मैदानात सुमारे १७,००० लोकांसमोर भारत विरुद्ध फ्रान्स. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना. तिरंग्याखाली खेळलेला पहिला. तो वेम्बलीवर झाला नाही, हायबरीसारख्या मोठ्या मैदानावरही नाही; एका हौशी क्लबाच्या, घरांच्या रांगांत बसवलेल्या मैदानावर झाला.

कप्तान तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचे, कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होते. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा झेंडा त्यांच्याच हातात होता. अकरांपैकी आठ जण अनवाणी खेळले. फ्रान्सनं अर्ध्या तासानं पहिला गोल केला. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या, एक शैलेन मन्नांनी घेतली, दुसरी महाबीर प्रसादांनी. दोन्हींतून गोल झाला नाही. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामननं बरोबरी साधली, आणि सामना संपायला मिनिटभर राहिलेलं असताना फ्रान्सनं दुसरा गोल केला. १-२.

अनवाणी खेळण्याची गोष्ट आपल्याकडे दोन सुरांत सांगतात. एक कौतुकाचा, एक लाजेचा. मला दोन्ही पटत नाहीत. कलकत्त्याच्या पावसाळी मैदानात बूट जड होतो, पाय चेंडूला चिकटतो. ज्या पायानं लहानपणापासून खेळलं त्याच पायानं ते लंडनमध्ये खेळले. लंडनच्या हौशी मंडळींना हे अगदी नवखंही नसावं. १९३७-३८ मध्ये इस्लिंग्टन कोरिंथियन्स हा त्यांचाच एक संघ जगाच्या फेरीवर निघाला होता, हिंदुस्थानात आठवडेच्या आठवडे खेळला, आणि तिथला त्याचा एकमेव पराभव ढाक्यात झाला, एका गोलनं. इलफर्डच्या त्या दुपारनंतर चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ हरवलं, आणि मग बूट सक्तीचे झाले.

आता त्या मैदानाचं काय झालं ते सांगायला हवं, कारण साखळी इथं तुटते.

हौशी फुटबॉलचा पाया साठच्या दशकात खचला. शनिवारी रात्री टीव्हीवर मोठे सामने दिसू लागले. अनेक क्लब नावाला हौशी राहिले. सामन्यानंतर बुटात पैसे ठेवलेले सापडायचे, सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. शेवटी १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशननं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. त्या वर्षीच्या शेवटच्या अमॅच्युअर कपाच्या फायनलमध्ये इलफर्ड होता. बिशप्स स्टॉर्टफर्डकडून ४-१ हरला. मग तिकिटांचं उत्पन्न कमी, कर्ज जास्त, आणि क्लबाकडे विकण्यासारखी एकच वस्तू : जमीन. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिन रोडचं मैदान गेलं आणि तिथं घरं झाली.

मैदान गेलेला इलफर्ड १९७९ मध्ये शेजारच्या लेटनस्टोनमध्ये विलीन झाला आणि त्यांच्या ग्रॅनली रोडवर खेळू लागला. १९८६ मध्ये ग्रॅनली रोडही विकला गेला. १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अव्हेन्यू या जोडीत आला, बेलीचा वॉल्थमस्टो. मग ग्रीन पॉन्ड रोडवरही घरं उभी राहिली. क्लबाचं नाव रेडब्रिज फॉरेस्ट झालं, आणि १९९२ मध्ये डॅगनमशी मिळून डॅगनम अँड रेडब्रिज. चार क्लब, चार मैदानं. शेवटी उरलं एक, डॅगनमचं व्हिक्टोरिया रोड. २००७ मध्ये हा क्लब चढत चढत ९२ मध्ये पोचला आणि २०१६ पर्यंत तिथं टिकला. पुष्कळ लोक याला यशाची गोष्ट म्हणतात. व्हिक्टोरिया रोडवर मी चार वेळा गेलेय, चांगली माणसं आहेत, मैदान आवडतं. तरी प्रत्येक वेळी मला वाटतं की एका घरात चार घरांची भांडी मांडून ठेवली आहेत.

जमिनीखेरीज आणखी एका कारणानं जुनी मैदानं बदलली. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं मेली. त्यानंतर लाकडी स्टँडांवर कडक नियम आले आणि अनेक पाडले गेले. ते योग्यच होतं. मी रुग्णालयात काम करते, जळालेला माणूस मी पाहिलाय. म्हणूनच जे उरले आणि नीट जपले गेले त्यांची किंमत मला जास्त वाटते. ग्रेट यार्मथला वेलस्ली मैदानावर १८९२ चा लाकडी स्टँड अजून उभा आहे, संरक्षित वास्तू म्हणून. त्याच्या बाकावर मी हात फिरवला. रंगाचे इतके थर की लाकडाच्या कडा गोल झाल्या होत्या, देवळातल्या उंबऱ्यासारख्या.

डलिचचं चॅम्पियन हिल बदललं, पण जागेवर राहिलं. १९३३ मध्ये अमॅच्युअर कपाच्या फायनलला तिथं वीस हजारांवर लोक आले होते. ते जुनं मोठं मैदान गेलं, सुपरमार्केट आलं आणि त्याला लागून १९९२ मध्ये छोटं नवं मैदान झालं. २०१८ मध्ये जमीनमालकाशी वाद होऊन क्लबालाच कुलूप लागलं. लोकांनी इतका आवाज उठवला की त्याच डिसेंबरात क्लब परत आला. आणि माझं पहिलं मैदान, क्लॅप्टनचं : कारभारावरून वाद झाला तेव्हा समर्थकांनी २०१८ मध्ये स्वतःचा क्लब काढला, वर्गणीतून पैसे उभे केले आणि २०२० मध्ये ओल्ड स्पॉटेड डॉगची जमीनच विकत घेतली. तालमीची जागा तालमीच्या पोरांच्या नावावर. कोल्हापूरच्या माणसाला यातलं मोल समजावून सांगावं लागत नाही.

आबा २०१६ च्या सप्टेंबरात आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, वय बहात्तर. पेठेतल्या तालमीकडून तरुणपणी गोलकीपर म्हणून खेळले होते. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. मी विचारलं, काय बघायचं? बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय? म्हणाले, “ते बघू मागनं. मन्नांनी पेनल्टी मारली ते ग्राउंड दाखव.”

मी सांगितलं, आबा, तिथं आता ग्राउंड नाही. म्हणाले, “जमीन तर असंल.”

न्यूबरी पार्क स्टेशनला उतरलो. भुयारी रेल्वे इथं डिसेंबर १९४७ मध्ये पोचली, म्हणजे त्या सामन्याला आलेल्यांपैकी कित्येक जण सात महिन्यांच्या कोऱ्या मार्गावरून आले असणार. स्टेशनाबाहेर तांब्याच्या छपराची उंच कमानीदार बस-शेड आहे, ती सामन्याच्या पुढच्या वर्षीची, १९४९ ची. आबा तिच्याखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले. साच्याचं काम केलेला माणूस. कमानी ओतायला फर्मा कसा बांधला असंल, हे त्यांनी मला हातानं करून दाखवलं. मग चालत निघालो. दहा-पंधरा मिनिटं.

लिन रोड. विटांची घरं, पुढं हातभर बाग, दारात गाड्या. एका घराच्या खिडकीत गणपती होता आणि दोन घरं सोडून हिरवी पताका. शाळेतून सुटलेली पोरं स्कूटर ढकलत चालली होती. आबा काही बोलले नाहीत. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, घरांच्या मधल्या फटीतून मागं पाहिलं. नंतर एका दिव्याच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि फुटपाथवर पावलं टाकत मोजू लागले. अकरा मोठी पावलं. तिथं थांबून वळले.

“एवढंच अंतर,” म्हणाले. “गोलात उभा राहिलेल्याला हे लई जवळ वाटतं आणि मारणाऱ्याला लई लांब.”

मी विचारलं, मन्नांची पेनल्टी का हुकली असंल? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खेळत होती पोरं. पाय जड होतोच.” आणि खांबाकडे परत आले, किंचित वाकून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. बहात्तर वर्षांचा माणूस, पुलोव्हर, डोक्यावर माझी लोकरी टोपी. समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या बाईनं वाट बघितली. आबांचं झाल्यावर हसून पुढं गेली.

संध्याकाळी क्रिकलफील्डला गेलो. इलफर्ड नावाचा क्लब १९८७ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि तेव्हा तो तिथं खेळायचा, हाय रोडवरच्या स्टेडियममध्ये. भोवती धावपट्टी असल्यामुळं खेळ जरा लांब पडतो. मंगळवार होता, हवा गार, प्रेक्षक मी मोजले तेव्हा एकाहत्तर. आबांनी चहा घेतला, दोन्ही हातांत कप धरून गोलच्या मागं जाऊन उभे राहिले आणि पूर्ण पहिला हाफ इलफर्डच्या गोलकीपरला मराठीत सूचना देत राहिले : पुढं ये, कोन कमी कर, डावीकडं जा. मध्यंतरात तो पोरगा पाणी प्यायला कठड्याजवळ आला, तेव्हा आबांनी त्याला आपली वाकडी करंगळी दाखवली. त्यानं हातमोजा काढून आपली दाखवली. तिचीही गत तीच.

घरी आल्यावर मी वही काढली. क्रिकलफील्ड लिहिलं, आकडा ६१. आबा शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, दुपारचं लिहिलं नाहीस. मी नियम सांगितला : नव्वद मिनिटं पाहिल्याशिवाय मैदान धरत नाहीत. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पेन घेतलं. समासातली जागा मोकळी सोडली. पुढं फौंड्रीत हजेरीपटावर लिहायचे त्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं :

‘इलफर्ड, लिन रोड. भारत १, फ्रान्स २. प्रेक्षक १७,०००.’